जुन्या घरातले सॉकेट: धोका कसा ओळखायचा आणि दुरुस्ती कोणत्या क्रमाने करायची

विदर्भाच्या गावांत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी वायरिंग झालेली घरं अजून भरपूर आहेत. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, ओसरीत लाकडी बोर्ड, सागवानी पट्टीवर क्लिपा ठोकून नेलेली वायर. वायरिंग झालं तेव्हा घरात चार बल्ब, एखादा पंखा आणि रेडिओ एवढंच होतं. आज त्याच वायरीवर कूलर, फ्रिज, मिक्सर, हीटर रॉड, इंडक्शन शेगडी, घरघंटी आणि फवारणी पंपाचं चार्जर चालतं.

अशा घरात बहुतेक जण आधी सॉकेट बदलतात. पांढरी नवी प्लेट बसते, मागे वायर तीच राहते, अर्थिंग (गळलेला करंट जमिनीत नेणारी जोडणी) नसतंच, आणि घर सुरक्षित झालं असं सगळ्यांना वाटतं. कामाचा क्रम उलटा हवा: आधी मेन (मीटरनंतरचा मुख्य बोर्ड), मग अर्थिंग, मग वायर, आणि सॉकेट सगळ्यात शेवटी. पैसे थोडे असतील तर मेन आणि अर्थिंगपुरतेच खर्च करा, प्लेट पुढच्या हंगामात बसवता येईल.

जुन्या सॉकेटमध्ये बिघडतं काय

पहिलं, ढिलेपणा. सॉकेटच्या आत पितळेच्या पत्त्या असतात, त्या पिनेला घट्ट पकडतात. वर्षानुवर्षं पिन काढून-घालून पत्त्या पसरतात. पकड ढिली झाली की त्या जागी रोध वाढतो आणि तिथेच उष्णता तयार होते. हिशोब करून पाहा: २,००० वॅटची इंडक्शन शेगडी २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेते. ढिल्या पकडीचा रोध अर्धा ओहम धरला तरी त्या एका ठिकाणी ३८ वॅट उष्णता निघते. सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते आणि ती कथील वितळवते. इथे त्याहून जास्त उष्णता बेकेलाइटच्या सॉकेटमध्ये कोंडलेली राहते. फ्यूज किंवा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारं बटन) यात काहीच करत नाही, कारण करंट जास्त झालेलाच नसतो.

दुसरं, ॲल्युमिनियमची वायर. त्या काळी घरगुती वायरिंग सर्रास ॲल्युमिनियममध्ये होई. हा धातू मऊ असतो. स्क्रूखाली दाबला की हळूहळू पसरतो आणि स्क्रू आपोआप ढिला पडतो. वर त्याच्यावर ऑक्साइडचा थर चढतो, आणि त्यातून वीज नीट वाहत नाही. त्याला तांब्याची नवी वायर पीळ देऊन जोडली आणि वर टेप गुंडाळली तर ओलाव्यात तो जॉइंट खात जातो. बोर्ड उघडल्यावर पांढुरकी भुकटी दिसली तर ती ही.

तिसरं, भार. जुनं छोटं सॉकेट ५ अँपिअरचं, आताचं ६ अँपिअरचं. १,५०० वॅटचा हीटर रॉड ६.५ अँपिअर घेतो, म्हणजे तो छोट्या सॉकेटचा नाहीच. मोठी पिन छोट्या सॉकेटला लावण्यासाठी बाजारात जो कन्व्हर्टर मिळतो, तो रॉड, शेगडी किंवा गिझरला कधीच वापरू नका. त्यावर घरघंटीही लावू नये. तिचा एक एचपीचा मोटर चालू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट खेचतो, आणि संध्याकाळी गावाचं व्होल्टेज १७०-१८० वर उतरलं की चालतानाही जास्त घेतो.

चौथं आणि सगळ्यात घातक म्हणजे अर्थिंग. जुन्या घरात सॉकेट दोन-पिनीच असतं, किंवा तीन भोकं असली तरी वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. कधी त्याहून वाईट केलेलं असतं: सॉकेटच्या मागेच न्यूट्रलचा (करंट परत नेणाऱ्या वायरीचा) तुकडा अर्थच्या स्क्रूला जोडून दिलेला असतो. तपासताना सगळं बरोबर दिसतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटली की फेजचे (वीज आणणाऱ्या वायरीचे) २३० व्होल्ट उपकरणातून फिरून त्याच तुकड्यातून कूलरच्या पत्र्यावर येतात. असा तुकडा सापडला तर त्याच दिवशी काढायला लावा.

पाचवी गोष्ट जुन्या बोर्डावर हमखास सापडते: दोन किटकॅट (तार घालायचे चिनी मातीचे फ्यूज), एक फेजमध्ये, एक न्यूट्रलमध्ये. न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला तर घरातले दिवे, पंखे बंद पडतात, लाईट गेली असं वाटतं, आणि फेज मात्र प्रत्येक होल्डरपर्यंत जिवंत असते. त्या भरवशावर कुणी बल्ब बदलायला चढतं. न्यूट्रलमध्ये फ्यूज नको. तिथे सरळ लिंक (जोडणारी धातूची पट्टी) हवी, नाहीतर दोन्ही वायरी एकदम तोडणारा डबल पोल एमसीबी.

स्वतः काय तपासता येतं

घरच्या माणसाने बघायचं, वास घ्यायचा, हाताने ताप जाणायचा. उघडायचं काम परवाना असलेल्या वायरमनचं.

दिवसा उजेडी एक फेरी मारा. प्रत्येक सॉकेटपाशी थांबून पाहा: भोकांभोवती तपकिरी किंवा काळा डाग आहे का, प्लास्टिक वाकलंय का, पिन आपल्या वजनाने खाली झुकते का, पिन हलवली की चरचर आवाज येतो का. रॉड किंवा इस्त्री दहा मिनिटं चालवा, बटन बंद करा, पिन काढा आणि पिनेच्या प्लास्टिकच्या भागाला हात लावा. कोमट चालेल. हात ठेववत नसेल तर ते सॉकेट आजपासून बंद. बेकेलाइट तापलं की सडक्या मासळीसारखा वास येतो. तो वास बोर्डाजवळ आला आणि कारण सापडलं नाही, तर मेन बंद करा आणि मग शोधा.

त्यानंतर टेस्टर. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर तो पेटतो का ते पाहा, कारण बिघडलेला टेस्टर प्रत्येक वायर मृत दाखवतो. सॉकेटकडे तोंड करून, अर्थचं मोठं भोक वर धरलं तर उजव्या भोकात फेज आणि डाव्या भोकात न्यूट्रल हवी. टेस्टर डावीकडे पेटला तर वायरी उलट्या आहेत. दोन्हीकडे पेटला तर मागे कुठेतरी न्यूट्रल तुटली आहे किंवा तिचा फ्यूज उडाला आहे. वरच्या भोकात पेटला तर ते सॉकेट वापरू नका आणि वायरमनला बोलवा.

बटन बंद असताना सॉकेटच्या उजव्या किंवा डाव्या भोकात टेस्टर पेटत असेल तर बटन न्यूट्रलवर बसवलेलं आहे, किंवा वायरी उलट्या आहेत. बंद दिसणारं सॉकेट प्रत्यक्षात चालूच असतं. जुन्या घरात हा दोष फार.

एक गोष्ट मात्र करू नका. फेज आणि अर्थ यांच्यात होल्डरचा बल्ब लावून अर्थिंग तपासायची जुनी पद्धत आहे. अर्थची वायर मध्येच तुटलेली असेल तर त्या बल्बमधून आलेला करंट अर्थला जोडलेल्या प्रत्येक पत्र्यावर, फ्रिजवर आणि कूलरवर पोचतो. त्या क्षणी कुणाचा हात तिथे असेल तर? शिवाय बल्ब छान पेटला म्हणून अर्थिंग चांगलं ठरत नाही. ५० ओहमच्या खराब अर्थिंगवरही १०० वॅटचा बल्ब जवळपास पूर्ण पेटतो.

वायरमनने मल्टिमीटर लावला की फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तीन आकडे लिहून घ्या. पहिले दोन जवळपास सारखे हवेत, तिसरा दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ८०-१०० असा डळमळता आला तर अर्थची वायर कुठेच पोचलेली नाही.

मेन: पहिलं काम

मीटर, त्याचं सील आणि खांबावरून मीटरपर्यंत येणारी वायर महावितरणची. तिला कुणीच हात लावायचा नाही, आणि घरचा मेन बंद केला तरी ती चालूच असते. तिथे ठिणगी दिसली तर १९१२ ला तक्रार नोंदवा. घरात इन्व्हर्टर असेल तर मेनबरोबर तोही बंद करून त्याची आउटपुट वायर काढा. मेन बंद केल्यावरही इन्व्हर्टरमुळे बोर्डात २३० व्होल्ट राहतात, आणि काम करणारा माणूस नेमका तिथेच फसतो.

मीटरनंतर लाकडी बोर्ड काढून प्लास्टिकचा किंवा पत्र्याचा झाकणवाला डिस्ट्रिब्युशन बॉक्स बसवा. तीन-चार खोल्यांच्या घराला आत एवढं लागतं:

- ३२ अँपिअरचा डबल पोल एमसीबी १
- ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा दोन पोलचा आरसीसीबी १
- ६ किंवा १० अँपिअरचे एमसीबी २ (दिवे, पंखे, छोटी सॉकेट)
- १६ अँपिअरचे एमसीबी २ (स्वयंपाकघर आणि कूलर वेगवेगळे)
- न्यूट्रल लिंक आणि अर्थ लिंक, दोन्ही वेगळ्या

मंजूर भार कमी असेल तर मेन एमसीबी त्याप्रमाणे लहान घ्या. सगळ्यावर आयएसआयचा शिक्का बघा.

आरसीसीबी का, हे नीट समजून घ्यायला हवं, कारण हीच वस्तू सगळ्यात जास्त वेळा यादीतून कापली जाते. समजा कूलरच्या पत्र्याला फेज टेकली आणि घराचं अर्थिंग २० ओहमचं आहे. २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर करंट जमिनीत जाईल. १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याने पडतच नाही! पत्रा तसाच जिवंत राहतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट जुळतो का ते पाहतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या अंशात घराची वीज तोडतो. एमसीबी वायर वाचवतो, माणसाला आरसीसीबी वाचवतो. त्यालाही मर्यादा आहेत: एक हात फेजला आणि दुसरा न्यूट्रलला लागला तर त्याला फरक कळत नाही, आणि जास्त भारावर तो पडत नाही. म्हणून दोन्ही हवेत.

तूर्त किटकॅटच ठेवायचे असतील तर निदान तार योग्य घाला. ५ अँपिअरला ०.२० मिमी, १० ला ०.३५ मिमी, १५ ला ०.५० मिमीची कथील चढवलेली तांब्याची फ्यूज तार. वायरीतल्या चार-पाच तारा पिळून घातल्या की फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर जळते.

अर्थिंग: काळ्या मातीत काय वेगळं

आपली काळी माती ओली असताना अर्थिंगला उत्तम. एप्रिल-मेमध्ये तीच माती आकसते, भेगा पडतात आणि पाइपपासून सुटते. म्हणजे कूलर चोवीस तास चालतो त्याच दिवसांत अर्थिंग सगळ्यात कमकुवत असतं. त्यामुळे खड्ड्याची जागा निवडताना सोयीपेक्षा ओलावा बघा: न्हाणीचं पाणी जिरतं तिथे, हातपंपाच्या ओट्याजवळ, परसातल्या केळीच्या आळ्याशेजारी. घराच्या भिंतीपासून मात्र निदान दीड मीटर लांब.

पाइप जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा), आतून निदान ३८ मिमी व्यासाचा आणि २.५ मीटर लांब हवा. दुकानात ४० मिमीचा मागा. खालच्या भागाला भोकं पाडलेला पाइप खड्ड्यात उभा करून भोवती कोळसा आणि मीठ यांचे आलटून-पालटून थर द्यायची रीत आहे. बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) मिळालं तर ते चांगलं, ते ओल धरून ठेवतं आणि मिठासारखं पाइपला खात नाही. वर नरसाळं, भोवती विटांचा छोटा हौद आणि झाकण. पाइपला ८ गेजची जीआय तार नटबोल्टने घट्ट आवळून ती अर्थ लिंकपर्यंत अखंड न्या, मध्ये पीळ देऊन जोड नको. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा दोन बादल्या पाणी नरसाळ्यात ओता.

अर्थ टेस्टरने मोजून घ्या. ५ ओहमच्या आत आलं तर छान. जास्त आलं तर निदान तीन मीटर अंतरावर दुसरा पाइप गाडून दोन्ही जोडा. नळाच्या पाइपला अर्थ जोडायची जुनी सवय आता सोडलीच पाहिजे. मध्ये कुठेतरी प्लास्टिकचा पाइप आलेला असतो, आणि तुमच्या घरातली गळती शेजारच्या तोटीला पोचते.

आरसीसीबी पडतच राहिला तर

जुन्या घरात तो पहिल्याच दिवशी पडतो. वायरमन म्हणतो माल खराब आहे, आणि आरसीसीबी काढून डायरेक्ट करून देतो. तसं करू देऊ नका. पडण्यामागे बहुधा तीनपैकी एक कारण असतं.

एक, भिंतीतली ओल. पावसात भिजलेल्या मातीच्या भिंतीतून वायर गळत असते. दोन, कुणीतरी कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवलेत. तीन, घराची वाटणी. भावाभावांत घर वाटलं गेलं, मीटर दोन झाले, पण एका खोलीची फेज या मीटरवरून आणि न्यूट्रल त्या मीटरची, हे तसंच राहिलं. आरसीसीबीला गेलेला करंट परत येताना दिसत नाही, म्हणून तो पडतो. हा दोष आरसीसीबी नसतानाही जीवघेणाच होता: एका भावाने आपला मेन बंद करून काम काढलं तरी दुसऱ्याचा करंट त्याच्या न्यूट्रलमधून येत असतो.

शोधायची पद्धत: घरातल्या सगळ्या पिना काढा. सगळे एमसीबी पाडून आरसीसीबी चढवा, मग एकेक एमसीबी चढवत जा. ज्याने पडला, दोष त्या सर्किटमध्ये. सगळे खाली असतानाही पडत असेल तर दोष न्यूट्रलच्या बाजूला आहे, कारण सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही. अशा वेळी मेन बंद करून लिंकमधून एकेक न्यूट्रल काढून पाहायची, हे काम वायरमनचं. त्याच्याकडे ५०० व्होल्टचा मेगर (वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) असेल तर लवकर होतं: वायर आणि अर्थ यांच्यात एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर ती वायर बदलायची. आणि सगळी वायर ठीक असून एकच पिन लावल्यावर पडला, तर तो दोष त्या उपकरणाचा. बहुतेकदा कूलरचा पंप किंवा रॉड.

वायर आणि सॉकेट

दिव्यांना १.५ चौरस मिमी, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५, गिझर किंवा एसीला ४. तांब्याचीच. फेजला लाल, न्यूट्रलला काळी, अर्थला हिरवी, आणि हा रंग घरभर पाळा. स्वयंपाकघरातलं एक मोठं सॉकेट बॉक्सपासून आठ मीटरवर असेल तर वळणं आणि टोकं धरून प्रत्येक रंगाची दहा मीटर लागते. कॉइल ९० मीटरची येते.

मातीच्या भिंतीत वायर पुरू नका. पीव्हीसी पाइपातून किंवा केसिंग पट्टीतून बाहेरूनच न्या. सारवण आणि पोतेऱ्याचा हात पोचतो त्या पट्ट्याच्या वर राहील अशी उंची ठेवा. सॉकेट जमिनीपासून निदान हातभर वर, न्हाणी आणि माठाच्या तिवईपासून दूर. उंदीर कवेलूखालच्या वायरीचं रबर कुरतडतात, म्हणून आढ्याजवळची वायर पाइपातच हवी.

सॉकेट बसवताना नेमकं काय पाहायचं: वायरीचं टोक सुमारे ८ ते १० मिमी सोला, तारा एकत्र पिळा, बारीक वायर असेल तर दुमडून स्क्रूखाली द्या. स्क्रू आवळल्यावर वायर ओढून पाहा, सुटता कामा नये. टर्मिनलबाहेर उघडं तांबं दिसायला नको. अर्थची वायर फेजपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर लांब ठेवा, म्हणजे कुणी सॉकेट खेचलं तर अर्थ शेवटी तुटेल. लहान मुलं असतील तर भोकांवर शटर असलेलंच सॉकेट घ्या. १६ अँपिअरच्या सॉकेटचं बटनही १६ अँपिअरचंच हवं. छोटं बटन लावलेलं सर्रास सापडतं आणि आधी तेच जळतं.

कूलर

सॉकेटवर फार कमी भार टाकणारी वस्तू, साधारण दोनशे वॅट. आणि विदर्भात उन्हाळ्यात करंट लागण्याचं मोठं कारण. पत्र्याचं अंग, आत पाणी, खाली ओली फरशी, अनवाणी मूल, आणि पिन दोन-पिनी. जुन्या कूलरची वायर तीन तारी करून घ्या. हिरवी वायर आतल्या पत्र्याला रंग खरवडून, नटबोल्ट आणि वॉशरने जोडा. रंगावर जोडली तर ती जोडलेली नसतेच. पंपाच्या वायरीचा जोड टाकीत लोंबकळतो, तो पाण्याच्या पातळीच्या वर, झाकणाच्या डब्यात आणा. पाणी भरताना बटन बंद करून पिन काढायची, नळी नंतर लावायची. हा नियम घरातल्या मुलांनाही पाठ असू द्या. खिडकीच्या गजातून दबून आलेली वायर दर वर्षी होळीच्या सुमारास, कूलर काढतानाच तपासा.

कापूस आणि कुटार

वेचणीच्या दिवसांत भाव येईपर्यंत कापूस घरातच भरून ठेवतात, खोली आढ्यापर्यंत भरते आणि भिंतीवरचं सॉकेट कापसाआड जातं. ढिल्या सॉकेटची एक ठिणगी कापसाला पुरे. आग आत धुमसत राहते आणि वरून दिसत नाही. कापूस भरायच्या आधी त्या खोलीचा एमसीबी पाडा आणि कापूस निघेपर्यंत चढवू नका. उजेड हवा तर बाहेरून टॉर्च. कुटाराच्या (गुरांच्या वाळल्या चाऱ्याच्या) छपरीत सॉकेट नकोच. फवारणी पंपाची बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावायची तर ओसरीत, मोकळ्या फरशीवर, आजूबाजूला बारदाना नसेल तिथे.

दर महिन्याला, आणि वेळ आली तर

महिन्यातून एकदा आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटन दाबा. घराची वीज गेली पाहिजे. आरसीसीबी न पडल्यास तो बदला. या बटनाने अर्थिंगची परीक्षा होत नाही, ती अर्थ टेस्टरनेच दर उन्हाळ्याच्या आधी करून घ्या. एखाद्या संध्याकाळी अचानक काही बल्ब फार उजळले आणि काही मंदावले तर डीपीवरची (गावाच्या ट्रान्सफॉर्मरवरची) न्यूट्रल तुटलेली असू शकते. घरात ३०० व्होल्टच्या वर येऊ शकतात. लगेच मेन पाडा, मग १९१२.

कुणाला करंट लागला तर त्याला हात लावू नका. आधी मेन पाडा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर बाजूला सारा, स्वतः कोरड्या पोत्यावर किंवा पाटावर उभं राहून. माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास चालत नसेल तर पाठीवर झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवा आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबत राहा. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा आणि गाडी येईपर्यंत दाबणं थांबवू नका. माणूस उठून बसला आणि मला काही झालं नाही म्हणाला तरी त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या, कारण हृदयाचे ठोके काही तासांनीही बिघडू शकतात.